रक्ताची जवारी

डॉक्टर शाल्मली गुर्जर पुण्याहून मिरजेला आल्या, त्या दिवशी दस्तगीर शिकलगारने त्यांना पाऊण तास दुकानाच्या पायरीवर बसवून ठेवलं. त्यात उर्मटपणा नव्हता. तो एका तंबोऱ्याची जवारी लावत होता, आणि जवारी लावताना त्याला हाक मारायची नाही हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं.

मिरजेबाहेरच्यांना जवारी समजावून सांगायला हवी. तंबोऱ्याच्या तारा एका रुंद, चपट्या घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत, सुटत, घासत राहते आणि एका सुरातून आणखी आठ-दहा सूर झरू लागतात. ही खुली जवारी. उतार केसाच्या दहाव्या भागानं चुकला की तीच तार घुसमटते, सूर येतो येतो म्हणता आतच राहतो. ती बंद जवारी. कारागीर कानशीनं घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मोजायला साधन नाही, फक्त कान. २०३९ साल उजाडलं, रिक्षा आपल्या आपण चालायला लागल्या, तरी हे काम कानावरच चाललं होतं. आणि सगळ्या मिरजेत दस्तगीरच्या कानाला जोड नव्हती.

असं बसगोंडा कोरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. बसगोंडा त्याच दुकानात भोपळे कापायचा, वाळवायचा, त्यांवर दांडी बसवायचा. चाळीस वर्षं दोघं एका छताखाली होते आणि रोज एकदा तरी कडकडून भांडत होते. त्याशिवाय दोघांनाही दिवस गेल्यासारखा वाटत नसे.

"बोला मॅडम," कानस खाली ठेवत दस्तगीर म्हणाला. "तंबोरा पाहिजे?"

"नाही चाचा. तुमचे कान पाहिजेत."

"न्यावा की," आतून बसगोंडा ओरडला. "तोंड तेवढं हितंच ठेवा. भांडायला लागतंय मला."

शाल्मलीबाई हसल्या, पण लगेच कामाला लागल्या. जगात दीडशे कोटी माणसांना उच्च रक्तदाब आहे, त्या म्हणाल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ता नाही. "रक्तदाब दुखत नाही, चाचा. खुपत नाही, ताप येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो आणि एक दिवस माणूस घेऊन जातो. आमच्या जागतिक आरोग्य मोहिमेनं दोनशे भाषांत पोस्टरं लावली. आकडे सांगितले. एकशेसाठवर शंभर, हे ऐकून कुणाच्या पोटात गोळा येतो का? माणसं म्हणतात, मला तर काही होत नाही."

मग त्यांनी दोन चिकटपट्ट्या काढल्या, टिकलीच्या पाकिटाएवढ्या. एक मनगटावर लावायची, एक कानामागे.

विज्ञान तसं सोपं होतं. हृदय रक्त ढकलतं तेव्हा धमनीच्या भिंतीतून एक लाट धावते. रक्ताच्या आधी ती पोचते, नाडी म्हणून बोटाला लागते ती तीच. भिंत सैल असली तर लाट रमतगमत जाते. आत दाब वाढून भिंत ताणली गेली की लाट पळत सुटते. लाट कानामागे कधी आली आणि मनगटाला कधी आली, यातला फरक पट्टीतले प्रकाशाचे डोळे मोजतात. सुरुवातीला एकदा दंडाला पट्टा बांधून खरा रक्तदाब घ्यायचा, त्याच्याशी हिशेब जुळवायचा, की पुढं ठोक्यागणिक दाब कळत राहतो. मनगटावरची पट्टी दाबली की कानामागच्या हाडातून तो सुराच्या रूपानं ऐकू येतो. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येतं, हा सगळ्या खटाटोपाचा गाभा.

दस्तगीरनं दोन्ही पट्ट्या लावल्या आणि मनगटावरची दाबली. टूं, टूं, टूं. त्यानं तोंड वाकडं केलं. "हे कोण ऐकणार, मॅडम? याच्यापरास कुकरची शिट्टी बरी."

"लोकांनी दोन दिवसांत पट्ट्या काढून फेकल्या," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आलेय. आता हे ऐका. याच्यावर आम्ही काहीच संस्कार केलेले नाहीत. ही तुमची नुसती लाट आहे, ऐकू येईल इतकी वाढवलेली."

दस्तगीरनं पुन्हा पट्टी दाबली आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. हाडातून एक ठोका आला, मग त्याच्यामागून एक लांबत जाणारी थरथर, मग ती कुठल्याशा काठावर आपटून परतली आणि दुसऱ्या ठोक्यात मिसळली. त्यानं डोळे मिटले. एकसष्ट वर्षं हे त्याच्या आत चाललं होतं. तो झोपला तेव्हा, जेवला तेव्हा, बाप वारला तेव्हाही. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ही तार हाय. कुणीतरी छेडतंय आणि ती वाजतीय. पर हिची जवारी कुणीच लावलेली न्हाई."

"तेच काम घेऊन आलेय मी," शाल्मलीबाई म्हणाल्या.

*

चार महिने दुकानाच्या मागच्या खोलीत काम चाललं. एका चौकटीवर तार ताणलेली, यंत्राचं बोट ती सारख्याच जोरानं छेडणार, आणि खाली दस्तगीरनं घासलेली घोडी. रक्तदाबाच्या नव्वदपासून दोनशेपर्यंत बावीस पायऱ्या पाडल्या होत्या. पायरी चढली की तारेचा ताण वाढवायचा, जसा धमनीचा वाढतो. प्रत्येक पायरीसाठी दस्तगीरनं नवी घोडी घडवायची. ते आवाज टिपून यंत्रात भरले, की कुठल्याही माणसाच्या रक्तदाबाला त्याचा सूर मिळणार.

आणि इथंच ती चूक झाली. मिरजेच्या त्या गल्लीतल्या माणसालाच करता आली असती अशी चूक. दस्तगीरच्या अब्बांचा नियम होता, की घुसमटलेल्या तारेनं दुकानाचा उंबरा ओलांडता कामा नये. गिऱ्हाईक घाईत असो, तंबोरा शाळेतल्या पोरीचा असो, जवारी खुलली नाही तर वाद्य द्यायचं नाही. हा नियम दस्तगीरच्या डोक्यात नव्हता, हातात होता. तेव्हा त्यानं बावीसच्या बावीस पायऱ्या खुलवल्या. वरच्या तर जास्त मेहनतीनं. फार ताणलेली तार मुळात कर्कश वाजते, तिला वळवायला त्यानं जीव ओतला. दोनशेच्या पायरीवर पंधरा दिवस घालवले आणि असा झगझगीत सूर काढला की यंत्राशी बसलेल्या इंजिनिअर पोरींनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक पायरी आलेखावर वेगळी दिसत होती, शाल्मलीबाईंचं समाधान झालं. सगळी हुशार माणसं होती. तंबोरा मात्र त्यांच्यातल्या एकानंही कधी मांडीवर घेतला नव्हता.

फेब्रुवारीत मिरज आणि आसपासच्या गावांतल्या चार हजार माणसांना पट्ट्या वाटल्या. सूर फोनवरही वाजवता यायचा. त्याच्याबरोबर प्रत्येकाच्या फोनवर आकडाही यायचा, आणि तो जास्त असला तर 'दवाखान्यात दाखवा' असा निरोप.

काय धमाल उडाली म्हणून सांगावं! लोक फोनला फोन लावून एकमेकांच्या नाड्या ऐकवू लागले. चहाच्या टपरीवर, मार्केटात, लग्नाच्या पंगतीत. सासूचा सूर चढा की सुनेचा, यावर पैजा लागल्या. दस्तगीरचा सूर निघाला एकशेचोवीसचा, खाली, घरगुती, बरा. बसगोंडानं मात्र आपली पट्टी दाबून फोन टेबलावर ठेवला आणि दुकानातली सगळी माणसं हातातलं काम टाकून टेबलाभोवती जमली.

सूर असा होता की खोलीतले भिंतीला टांगलेले तंबोरे आपोआप गुणगुणायला लागले.

"आयला!" बसगोंडा स्वतःच दचकला. "हे माझ्यात हाय?"

दस्तगीरनं तीनदा ऐकलं. त्याला आनंद झाला आणि, खोटं कशाला बोलायचं, थोडा हेवाही वाटला. "बसू," तो म्हणाला, "असा तंबोरा माझ्या हातनं उभ्या जन्मात झाला न्हाई."

बसगोंडाची छाती वीतभर फुगली. त्यानं तिथल्या तिथं दस्तगीरच्या फोनशी आपली पट्टी जोडून दिली. "रोज सकाळी ऐकत जा. पुण्य लागंल." दवाखान्याचे निरोप त्यालाही येत होते. आठवड्यात तीन आले. तिन्ही त्यानं पुसून टाकले. दस्तगीर शिकलगारचा कान एक सांगतोय आणि फोन दुसरंच, तर खरं कुणाचं मानायचं?

*

मार्चमधल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला बसगोंडाच्या हातातून लाकूड तासायची पटाशी पडली.

तो ती उचलायला वाकला आणि उजवा हात तिच्याकडं जाईचना. "दस्त..." तो म्हणाला. पुढचं नाव ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळून गेलं. दस्तगीरनं त्याला धरलं, कुणीतरी रिक्षा बोलावली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत हात हलू लागला होता, जीभही वळू लागली होती, आणि बसगोंडा "काय न्हाई, काय न्हाई" म्हणत उतरायला बघत होता.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. एकशेअठ्ठ्याऐंशीवर एकशेचौदा. "मेंदूकडं जाणारं रक्त दहा मिनिटं अडलं होतं," ते म्हणाले. "या वेळी आपलं आपण सुटलं. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. आजपासून रोज गोळी, मीठ कमी, आणि महिन्यानं दाखवायला या."

दस्तगीर बाहेरच्या बाकावर मटकन बसला. एकशेअठ्ठ्याऐंशी. ती पायरी त्याला घोडीसकट आठवत होती.

दोन दिवसांनी शाल्मलीबाई आल्या. झोप न झालेला चेहरा. "चाचा, चार हजारांत सहाशे अकरा जणांचा रक्तदाब जास्त निघाला. त्यांतले दवाखान्यात किती गेले असतील? एकोणीस. बाकीचे आपला सूर ऐकत बसलेत. ज्याचा दाब जास्त, तो जास्त वेळा ऐकतो. एका गावात एक गृहस्थ सूर आणखी चढावा म्हणून दोन्ही वेळा लोणचं आणि खारी मिरची खातायत." त्यांनी कपाळाला हात लावला. "आपण आजार गोड करून ठेवला. चूक माझी आहे, मला ऐकू यायला हवं होतं. पण दुरुस्त तुम्हीच करू शकता. सतरा मेला, उच्च रक्तदाबाच्या जागतिक दिवशी, एकशेबारा देशांत हे एकदम सुरू होणार आहे. वरचे सूर बिघडवा."

"बिघडवू?" दस्तगीर ताडकन उभा राहिला. "माझ्या हातानं?"

"हो."

"मॅडम, लोकांनी निरोप वाचला न्हाई, ह्यात माझ्या सुराचा काय दोष? चांगलं वाजवलं हा गुन्हा झाला व्हय? दुसरा कारागीर बघा."

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "दुसरा कारागीर एवढा गोड आजार बनवूच शकला नसता, चाचा." आणि गेल्या. दस्तगीरला तोंडात मारल्यासारखं झालं, पण त्यानं आपला हट्ट सोडला नाही.

*

त्याचा हट्ट मोडला तो बसगोंडाच्या बायकोनं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारची कमळाक्का दुकानात आली आणि तिनं पदराखालून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पहिले दहा दिवस फोडलेले. पुढचे अकरा दिवस तसेच.

"भाऊजी, तुमीच सांगा त्यास्नी. माझं ऐकनात. गोळीनं सूर बसतोय म्हणत्यात."

बसगोंडा भोपळा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बसू, हे खरं हाय?"

"खरं हाय."

"डोकं फिरलंय का तुझं? मरायचं हाय?"

"गोळी घेतली की तार ढिली पडती," बसगोंडा म्हणाला. आवाज शांत होता, तेच भयंकर होतं. "तुला काय कळणार? चाळीस वर्षं भोपळं कापलं मी. तंबोरा मैफलीत गेला की लोक म्हणत्यात, दस्तगीरची जवारी. भोपळा कुणाचा, कुणी इचारलंय? आता म्हातारपणी अंगातनं सूर निघाला. लोक घरी येत्यात ऐकायला. तो बी घालवू?" मग त्यानं मान वर केली. "आणि तूच म्हणालास की. असा तंबोरा जन्मात झाला न्हाई म्हणून."

दस्तगीरनं भांडण अर्धवट सोडलं. चाळीस वर्षांच्या भांडणात असं पहिल्यांदाच झालं. जी कौतुकाची चार वाक्यं त्यानं आयुष्यभर या माणसाला दिली नाहीत, ती त्यानं दिली तेव्हा भलत्याच गोष्टीला दिली होती. आता हा वेडा त्या एका वाक्यावर जीव सोडायला निघाला होता.

त्यानं संध्याकाळी शाल्मलीबाईंना फोन लावला. "मॅडम, चौकट घिऊन या."

*

बिघडवणं हे काम त्याला येत नव्हतं. घोडी तिरकी घासायला घ्यायचा आणि हात आपल्या आपण ती सरळ करायचा. चार दिवस हात आणि तो एकमेकांशी झगडत होते. पाचव्या दिवशी त्यानं एकदाचा खरखरीत, पत्र्यासारखा सूर काढला आणि स्वतःच्या कानामागं लावून बघितला. पाच मिनिटांत त्यानं पट्टी उपटली. मग त्याला ते पहिलं टूं-टूं आठवलं. वाईट आवाज माणूस ऐकत नाही, तो पट्टीच काढून फेकतो.

मग माणसाला धरून ठेवतं ते काय? तो दुकानाच्या पायरीवर बसून विचार करत राहिला. गिऱ्हाईक तंबोरा दुरुस्तीला कधी आणतं? वाद्य वाईट असलं म्हणून नाही. कालपर्यंत चांगलं वाजत होतं आणि आज घुसमटलं, तेव्हा आणतं. तेव्हा ते घरी चैन पडू देत नाही. लोक प्रवास करून येतात, हातात वाद्य धरून म्हणतात, याला काय झालंय बघा हो.

तो घाईनं आत आला. "मॅडम, एक न्हाई, दोन ठोकं पाहिजेत. पहिला ठोका, ह्या माणसाची तार नीट असती तर कशी वाजली असती, तो. दुसरा, आज कशी वाजतीय तो. ज्याचा दाब बरा हाय त्याला दोन्ही सारखंच ऐकू येतील. ज्याचा चढलाय त्याची दुसरी तार बंद होत जाईल. कर्कश न्हाई, नुसती बंद. सूर यायला बघंल आणि येणार न्हाई."

शाल्मलीबाईंनी चौकटीखालची खरखरीत घोडी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "त्यासाठी एकच घोडी लागेल."

"व्हय. आणि ती सगळ्यात चांगली लागंल."

त्यानं कपाटातून आपली सर्वांत खुललेली घोडी काढली, एकशेवीसच्या पायरीची. ती तारेखाली ठेवली. कानस लावली. केसाच्या दहाव्या भागाएवढं घासलं, यंत्रानं आवाज टिपला. पुन्हा घासलं. चाळीस टप्पे. घासलेलं परत भरता येत नाही. प्रत्येक टप्प्याला तार जराशी आत जात होती, आणि शेवटच्या टप्प्याला ती नुसती हलत होती, सूर आतल्या आत कोंडला होता. इंजिनिअर पोरी खाली बघत होत्या. दस्तगीर रडत होता, आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं. तंबोऱ्याच्या घोडीसाठी रडतोय की बसूसाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

*

सतरा मे. सकाळचे साडेअकरा.

एकशेबारा देशांत बारा कोटी माणसांनी पट्ट्या लावल्या होत्या आणि आपला सूर सगळ्यांत मिसळायला परवानगी दिली होती. शाल्मलीबाईंनी दुकानाबाहेर मोठे स्पीकर आणि एक पडदा आणून ठेवला. गल्ली भरून गेली. बसगोंडाही आला होता, नवा सदरा घालून. आज जगाला आपला सूर ऐकू जाणार, या खुशीत होता.

"पहिला ठोका," शाल्मलीबाई म्हणाल्या.

गल्लीतल्या कुणालाच आधी तो आवाज वाटला नाही. पायांखालची जमीन जागी झाल्यासारखं वाटलं. मग तो वर आला. बारा कोटी तारा, प्रत्येकीची लय निराळी. लिमातली कुणी भाजीवाली, आक्राच्या किनाऱ्यावरचे कोळी, अंकारातले भट्टीवाले, मिरजेतले हमाल, कुणी झोपेत, कुणी जिना चढताना. सगळ्या खुल्या. सुरातून सूर फुटत गेले, इतके की दस्तगीरच्या ओळखीचे सूर संपले आणि पुढं त्याला नाव नसलेले सुरू झाले. तो भिंतीला धरून उभा राहिला. माणूस एवढा सुंदर वाजू शकतो, आणि हे कधीच कुणी ऐकलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं हात जोडले. कुणाला ते तिलाही माहीत नसावं.

"आता दुसरा. आजचा."

तोच नाद पुन्हा आला आणि लगेच सगळ्यांना कळलं. जागोजागी तो घुसमटत होता. मोठ्या मैफलीत मधूनमधून कुणी साथीदाराच्या तोंडावर हात दाबावा, तसं. गल्लीतून एक अस्फुट 'अरेरे' निघून गेलं.

दस्तगीरनं डोळे मिटले होते. "तीन तारांतली एक मुकी हाय," तो म्हणाला.

शाल्मलीबाईंनी पडद्यावर बघितलं. "बत्तीस टक्के," त्या पुटपुटल्या. "चाचा, हा आकडा काढायला आम्हाला एक अख्खं संगणक केंद्र लागलं."

पडद्यावर जगभरची चित्रं येत होती. भर बाजारात एक बाई ओट्यावर बसली होती, मनगट घट्ट धरून, पुन्हा पुन्हा दाबून बघत. एक ट्रकवाला रस्त्याच्या कडेला थांबला होता. कुठल्याशा बर्फाळ गावात दवाखान्यापुढं रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाचा हात मनगटावर. निरनिराळे चेहरे, निरनिराळ्या भाषा, आणि हालचाल सगळ्यांची एकच. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

बसगोंडानं आपली पट्टी दाबली.

दस्तगीर त्याच्याकडंच बघत होता. पहिल्या ठोक्याला बसगोंडाचा चेहरा उजळला. दुसऱ्याला तो तसाच राहिला, नुसते डोळे बदलले. त्यानं पुन्हा दाबली. पुन्हा.

"माझा सूर कुठं हाय?"

"पहिला तुझा, बसू. दुसरा बी तुझाच."

"कुणी केलं हे?"

"मी केलं."

"तू मारलास माझा सूर," बसगोंडा म्हणाला. एवढ्या गर्दीत तो ओरडला नाही. नवा सदरा सावरत वाट काढत निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चाळीस वर्षांत बसगोंडाची जागा लागोपाठ दोन दिवस रिकामी राहिली नव्हती. शाल्मलीबाईंचे फोन येत होते, पाच दिवसांत चार कोटी लोकांनी तपासणी केली, सरकारांना गोळ्या पुरवता येईनात, अमुक देशाच्या मंत्र्यांनी आपला सूर लोकांना ऐकवला आणि रडले. दस्तगीर 'बरं, बरं' म्हणायचा. त्याचं सगळं लक्ष एकाच तारेकडं होतं.

कारण रागाच्या भरात बसगोंडा एक गोष्ट विसरला होता. दस्तगीरच्या फोनशी जोडलेली पट्टी त्यानं तोडली नव्हती. की विसरला नव्हता? दस्तगीर रोज सकाळी सात वाजता दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसून फोन कानाला लावायचा. पहिला ठोका खुला, भरदार. दुसरा कोंडलेला. निदान पट्टी अंगावर आहे. निदान माणूस आहे. चौथा दिवस, पाचवा दिवस, तसंच.

सहाव्या दिवशी काहीच वाजलं नाही. दस्तगीर चपला न घालता कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. जावं तर कुठल्या तोंडानं जावं? नऊ वाजता फोन कानाला लावला. कोंडलेला ठोका. आंघोळीला पट्टी काढली असेल मेल्यानं. तो पायरीवर बसला आणि पुष्कळ वेळ नुसता तो घुसमटलेला आवाज ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बंद जवारी गोड वाटली.

नवव्या दिवशी त्यानं फोन कानाला लावला आणि दुसरा हात दुसऱ्या कानावर घट्ट दाबला.

दुसरा ठोका. काठावर. अगदी काठावर, कोंडलेल्या तारेच्या कडेनं एक बारीक सूर सुटला होता. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. त्यानं पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. केसाच्या दहाव्या भागाएवढी जवारी उघडली होती. कुठल्याही कारागिरानं हात लावलेला नव्हता. एका हट्टी म्हाताऱ्यानं रोज सकाळी कुणाला न सांगता एक गोळी पाण्याबरोबर गिळली होती, आणि त्यामुळं रक्तातली ती तार आतल्या आत सैल होत होती. चाळीस वर्षं दस्तगीर घोड्या घासत आला, पण असलं काम त्यानं पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

बाराव्या दिवशी दहा वाजता बसगोंडा दुकानात आला. आपल्या जागेवर बसला. भोपळा उचलला, फिरवला, ठेवला. मग मनगट पुढं केलं.

"ऐक आणि सांग," तो म्हणाला. "गोड बोलू नगंस."

दस्तगीरनं पट्टी दाबली, फोन कानाला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून त्यानं ते दोन ठोके ऐकले. खरं सांगायचं म्हणजे त्याला ओरडावंसं वाटत होतं, बसूला मिठी मारावीशी वाटत होती. पण एकदा कौतुक करून त्यानं या माणसाला मरणाच्या दारात नेलं होतं.

"अजून बंद हाय, बसू," तो म्हणाला.

बसगोंडानं मान हलवली. खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि दस्तगीरच्या पुढ्यातला तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला.

"मग उद्या परत ऐक," तो म्हणाला, आणि पटाशी हातात घेतली.